व्यासपीठाचे भाडे

हिवाळा सुरू झाला की उचगाव, कडोली, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी, बेळगुंदी अशा बेळगावच्या आसपासच्या गावांत मराठी साहित्य संमेलनांचे मांडव पडू लागतात. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, दोन-तीन सत्रे, मध्ये मांडवातच सगळ्यांना जेवण आणि शेवटी कविसंमेलन किंवा कथाकथन, असा तो एका दिवसाचा कार्यक्रम असतो आणि त्याचा बराचसा खर्च गावच्या वर्गणीतून निघतो. या संमेलनांच्या वाङ्मयीन मोलाविषयी मतभेद असू शकतात, माझेही आहेत. परंतु एका बाबतीत त्यांची शिस्त पक्की आहे. कोल्हापूरहून किंवा पुण्याहून बोलावलेल्या वक्त्याला प्रवासखर्च आणि मानधन द्यायचे, त्याच्या उतरण्याची सोय करायची, हे तिथे कोणाला ठराव करून ठरवावे लागत नाही. पाहुण्याला बोलवायचे आणि गाडीभाडे त्यालाच भरायला लावायचे, ही कल्पनाच कमिटीला लाजिरवाणी वाटते. शाल आणि श्रीफळाच्या जोडीला पाकीट असते. ते जाड नसते, पण असते.

मी टिळकवाडीत बसून वेबसाइट बनवण्याचा व्यवसाय करतो. माझे ग्राहक म्हणजे पतसंस्था, दवाखाने, शहापूर-वडगावची साडीची दुकाने आणि उद्यमबागेतले काही कारखानदार. आमच्या व्यवसायाच्याही परिषदा भरतात आणि तिथेही वक्ते असतात. त्यातल्या अनेक परिषदांत वक्त्याला मिळते ते एवढेच, की प्रवेशिकेचे पैसे पडत नाहीत. प्रवास, मुक्काम आणि बुडालेल्या कामाचे दिवस ज्याचे त्याने पाहायचे असतात. काही वर्षांपूर्वी एका परिषदेने माझा प्रस्ताव स्वीकारला आणि अभिनंदनाच्या पत्रातच कळवले, की प्रवासाची व्यवस्था वक्त्यांनी आपल्या कंपनीमार्फत करावी. माझी कंपनी म्हणजे मी आणि दोन मुले. परिषदेच्या संकेतस्थळावर प्रायोजकांची बोधचिन्हे इतकी होती, की ती पाहायला बोटाने बराच वेळ सरकवत राहावे लागे. मी नकार कळवला. माझ्या जागी कोण बोलले ते मला ठाऊक नाही, पण त्याचे भाडे कोणीतरी भरले असणार, आणि ज्याने भरले त्याचा विषयावर थोडासा तरी हक्क पोचला असणार, असे मला वाटते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की वक्त्याच्या प्रवासखर्चाचा प्रश्न हा आयोजकांच्या हिशेबवहीतला किरकोळ प्रश्न नाही. वेबच्या व्यासपीठावर कोणते अनुभव पोचणार आणि कोणते बेळगावसारख्या गावातच जिरणार, हे त्यावर ठरते. आणि त्याची जबाबदारी परिषदांवर जेवढी आहे तेवढीच आपल्यावरही आहे.

व्यासपीठाला एवढे महत्त्व कशाला, असे कोणी विचारील. सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. मे १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावला जे मराठी साहित्य संमेलन भरले, त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि पुढच्या चळवळीचा आरंभ पुष्कळ जण तिथून मोजतात. वेबचा इतिहास त्या मानाने लहान, पण त्यातही व्यासपीठांनी वळणे घडवलेली आहेत. वेबविषयीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद मे १९९४ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत भरली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वेबची मानके ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था स्थापन झाली. नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फ परिषदेत रायन डाल यांनी नोड हे आपले साधन दाखवले आणि ब्राउझरमध्ये अडकलेली जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा सर्व्हरवर कामाला लागली. २०१८ मध्ये त्याच परिषदेत उभे राहून त्यांनी नोडच्या रचनेतल्या आपल्या दहा चुकांची कबुली दिली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या जेएसकॉन्फमध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी रिॲक्ट हे वेबपाने बांधण्याचे साधन मांडले तेव्हा स्वागत थंडच झाले होते. जावास्क्रिप्टमध्ये एचटीएमएलसारख्या खुणा मिसळलेल्या पाहून अनेकांनी नाके मुरडली. फेसबुकपाशी वाट पाहण्याचे बळ होते. पुढच्या परिषदांत पुन्हा सांगता आले, आणि काही वर्षांत निम्मे जग ते वापरू लागले. स्वतःच्या पैशाने एकदाच आलेल्या वक्त्याला थंड स्वागतानंतर दुसरी फेरी परवडत नाही, हे या गोष्टीत लक्षात घेण्यासारखे आहे.

आता आक्षेप असा, की बहुतेक भाषणे यूट्यूबवर फुकट पाहायला मिळतात, तर बेंगळुरूला पाचशे किलोमीटर जायचे कशाला? हा आक्षेप मी अनेक वर्षे स्वतःशीच मान्य करत आलो. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर जायचे, दिवसभर खुर्चीत बसायचे आणि पुन्हा रात्रभर परतायचे, हे चाळिशीनंतर सोपे नाही. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत सुरू झाली आहे, पण ती पहाटे निघून दुपारी पोचवते आणि तोवर परिषदेचा अर्धा दिवस सरलेला असतो. केवळ ऐकायला जायचे असेल, तर घरी बसून ऐकावे, हे मी आजही म्हणतो. तिकिटाचे पैसे देऊन बेळगावहून श्रोता म्हणून जाण्यात आपला तोटा आहे, आणि तरुण मुलांना मी तसा सल्ला देतही नाही.

परंतु बोलायला जाणे निराळे. एकदा बेंगळुरूत पाच मिनिटांच्या छोट्या भाषणाची, आमच्या धंद्यात ज्याला लाइटनिंग टॉक म्हणतात त्याची, संधी मिळाली. विषय होता मराठी नावांचा शोध. मराठीतला अर्धा र, म्हणजे ‘दुसऱ्या’ किंवा ‘गोऱ्हे’ यांतला, संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो: एक ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडून, आणि दुसरा साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेची एकरूपीकरणाची प्रमाण पद्धत वापरली तरी ते एक होत नाहीत. पतसंस्थेत एका कारकुनाने एका पद्धतीने नोंदवलेला सभासद दुसऱ्या कारकुनाला त्यामुळे सापडत नाही. हे सांगून मी खाली उतरलो, आणि चहाच्या रांगेत एका मल्याळी अभियंत्याने मला गाठले. मल्याळममधल्या चिल्लू अक्षरांची हीच कथा आहे, असे तो म्हणाला: ती पूर्वी जोडचिन्ह लावून लिहीत, २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत त्यांना स्वतंत्र क्रमांक मिळाले, आणि तेव्हापासून जुने आणि नवे असे दोन्ही लेखन शेजारी शेजारी नांदते आहे. शोधाच्या आधी दोन्ही रूपे एकात बदलून घेण्याची त्यांची पद्धत त्याने कागदी रुमालावर लिहून दिली. तो रुमाल मला यूट्यूबवर मिळाला नसता. मी श्रोत्यांत गप्प बसलो असतो, तर तिथेही मिळाला नसता, कारण माझी अडचण त्याला कळण्याचा दुसरा मार्गच नव्हता.

अशा अडचणी सीमाभागाइतक्या दाटीने दुसरीकडे क्वचितच आढळतील. आमच्या एकाच माणसाच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये असतो, आधार कार्ड कन्नड आणि इंग्रजीत, शाळेचा दाखला मराठीत आणि पतसंस्थेचे पासबुक पुन्हा मराठीत. भारतीय लिप्यांचे युनिकोडमधले तक्ते इस्की या जुन्या भारतीय संकेतप्रणालीच्या आराखड्यावर बेतलेले असल्याने कन्नड अक्षराच्या क्रमांकातून ८९६ वजा केले, की त्याच जागेवरचे देवनागरी अक्षर हाती येते. ही युक्ती इतकी सोपी आहे, की लिपी बदलून देणारे अनेक छोटे प्रोग्राम तिच्यावरच चालतात. पण कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए ही दोन वेगळी अक्षरे आहेत आणि मराठीत एकच. कन्नड कारकुनाने नियमाप्रमाणे ऱ्हस्व ए लिहिला, की ‘बेळगावकर’ परत येतात ते ‘बॆळगावकर’ होऊन. मात्रेला आलेला तो बारीक बाक माणसाच्या डोळ्यांतून सहज सुटतो, संगणकाच्या नाही. ‘गोऱ्हे’ कन्नडमधून जाऊन ‘गोर्हे’ होतात. यात कोणाचा खोडसाळपणा नाही आणि कोणाच्या भाषेचा दोषही नाही. दोन लिप्यांच्या सीमेवर जे होते ते होते. पण कर्जाच्या कागदपत्रांवर नाव जुळले नाही म्हणून म्हाताऱ्या माणसाला प्रतिज्ञापत्र करायला कोर्टाच्या आवारात पाठवले जाते तेव्हा त्याचा दिवस जातो, आणि तो दिवस कोणत्याही परिषदेच्या विषयपत्रिकेत दिसत नाही.

विषयपत्रिकेत काय दिसते? कोट्यवधी लोक एकाच वेळी वापरतात अशा ॲपचा वेग कसा वाढवला, शेकडो अभियंत्यांचा कोड एकत्र कसा नांदवला, अमुक कंपनीने आपली जुनी रचना सोडून नवी कशी घेतली. हे विषय खोटे नाहीत आणि मांडणारे हुशार असतात. परंतु ज्यांचे भाडे मोठी कंपनी भरते त्यांचेच प्रश्न सतत ऐकू आले, म्हणजे ऐकणाऱ्याला ते आपलेही प्रश्न वाटू लागतात. मी स्वतः या भ्रमात पडलो होतो. अशीच काही भाषणे ऐकून उत्साहाच्या भरात मी उद्यमबागेतल्या एका कारखान्याची तीन पानांची साधी वेबसाइट मोठ्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे मोठ्या ॲपसाठीच्या तयार सांगाड्यात, नव्याने बांधली. तिला हवे होते ते मालाचे कॅटलॉग, पत्ता आणि व्हॉट्सॲपचे बटण. नवी साइट मालकाच्या स्वस्त फोनवर इतकी सावकाश उघडू लागली, की त्याने मला विचारले, “आधीची बरी होती की हो, तिला काय झालेलं?” मी ती गुपचूप पूर्ववत केली. त्या खर्चाचे बिल मला लावता आले नाही, हे सांगायला नकोच.

जावास्क्रिप्टला ‘स्त्री’ या शब्दाची लांबी विचारली, तर ती ६ सांगते, कारण ती अक्षरे मोजत नाही, संकेतांक मोजते: स, त, र, दोन हलन्त आणि एक वेलांटी. अर्जातल्या नावाच्या चौकटीला अक्षरमर्यादा घालताना आणि मजकूर मध्येच कापताना आमची जोडाक्षरे मोडतात ती यामुळे. डोळ्यांना एक दिसणारे जोडाक्षर मधून तोडू नये, असा नियम युनिकोडच्या प्रमाण विभागणीत देवनागरीसाठी आला तो सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत, युनिकोडची पहिली आवृत्ती मात्र १९९१ ची. या बत्तीस वर्षांना तांत्रिक कारणे असतील आणि ती मला अमान्य नाहीत. तरीही ज्यांना ही मोडतोड रोज दिसते ते लोक निर्णयाच्या खोलीत कमी होते, हे त्यातले एक कारण असावे असे माझे मत आहे. त्या खोलीचा रस्ता अनेकदा एखाद्या परिषदेतल्या वीस मिनिटांच्या भाषणावरून जातो.

आयोजकांची बाजूही ऐकली पाहिजे. छोट्या परिषदा नोकरी सांभाळून रात्री जागणारे स्वयंसेवक चालवतात, सभागृहाचे भाडे आणि जेवण यांतच तिकिटांचे पैसे संपतात, आणि तोटा झाला तर तो त्यांच्या खिशातून जातो. अमेरिकेतल्या पायकॉन या पायथन भाषेच्या परिषदेने तर उलट टोक गाठले होते: वक्ते आणि आयोजक धरून प्रत्येकाने प्रवेशिका विकत घ्यायची, असा तिचा दंडक होता. मला तो अन्यायाचा वाटत नाही, कारण त्याच परिषदेने गरज असणाऱ्यांसाठी अर्थसाहाय्याचा स्वतंत्र निधीही ठेवला. ज्याला परवडते त्याने द्यावे आणि ज्याला परवडत नाही त्याला द्यावे, हा व्यवहार समजण्यासारखा आहे. माझा आक्षेप आहे तो मुकाट्याने केलेल्या गृहीतकावर: प्रत्येक वक्त्यामागे एखादी कंपनी असणारच, हे गृहीतक. प्रस्ताव मागवतानाच प्रवासखर्च मिळेल की नाही, किती मिळेल आणि तो मागितल्याने निवडीवर परिणाम होतो का, एवढे तीन ओळींत लिहिले, तरी माझ्यासारखे कितीतरी लोक प्रस्ताव भरतील. आज ते भरतच नाहीत, आणि मग आयोजक प्रामाणिकपणे म्हणतात, की छोट्या गावांतून कोणी अर्ज करत नाही.

जागा बदलण्याचाही विचार व्हावा. पायकॉन इंडिया २००९ मध्ये बेंगळुरूत सुरू झाली आणि पुढे पुणे, दिल्ली, हैदराबाद, चेन्नई अशी फिरली. रिॲक्ट इंडिया २०१९ मध्ये गोव्यात सुरू झाली. आम्हाला ती सोयीची, कारण चोर्ला घाट उतरला की आम्ही गोव्यात. जेएसफू या जावास्क्रिप्टच्या परिषदेची परंपरा बेंगळुरूची आणि प्रस्ताव सर्वांना वाचता येतील असे उघड मांडण्याची तिची पद्धत मला फार आवडत असे: कोणाचा विषय का मागे पडला, याचा अंदाज तरी येई. हुबळी किंवा बेळगावला मोठी परिषद भरावी, असा हट्ट मी धरणार नाही. विमाने, हॉटेले आणि प्रायोजक यांचे गणित मला कळते.

इथे एक अवांतर गोष्ट सांगतो. सीमाभागातला वक्ता पुण्यात बोलला, की मध्यंतरात कोणीतरी कौतुकाने म्हणते, “बेळगावचे का? मराठी छान बोलता की तुम्ही!” आणि बेंगळुरूत बोलला, की विचारतात, “बेळगावी म्हणजे मराठी ना तुम्ही?” दोन्हीकडे हेतू चांगला असतो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्यावरचे माझे मत या लेखाचा विषय नाही. पण दोन्ही शहरांच्या व्यासपीठांवर आपण पाहुणे असू, तर निदान पाहुण्याचे भाडे मागायला आपल्याला संकोच वाटू नये.

आता आपल्या बाजूची जबाबदारी. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये शहराच्या चारी दिशांना आहेत, आणि त्यांतून बाहेर पडलेली मुले दर वर्षी पुणे-बेंगळुरूची गाडी पकडतात. महाविद्यालयांतल्या तांत्रिक महोत्सवांत विद्यार्थी भाषणे करतात, पण ती बहुतेक इंटरनेटवरून उतरवलेल्या विषयांवर: ब्लॉकचेन म्हणजे काय, कृत्रिम बुद्धिमत्तेचे भवितव्य वगैरे. आपल्या मामाच्या दुकानाची वेबसाइट बनवताना कन्नड पावती आणि मराठी नाव यांचा मेळ कसा घातला, हे सांगण्यासारखे आहे, हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते. भाषण म्हणजे मोठ्या गोष्टी सांगणे, ही समजूत घालवायला मोठ्या शहरात जावे लागत नाही. ती इथल्याच एखाद्या छोट्या सभेत, चाळीस लोकांसमोर, प्रोजेक्टर बंद पडलेला असताना जाते.

म्हणून वर्षातून एक दिवस बेळगावात वेबवर काम करणाऱ्यांची सभा भरावी, असे मला वाटते, आणि ती संमेलनाच्या वळणावर भरावी. प्रवेश खुला, जेवण सर्वांना, पावतीपुस्तक उघड. भाषेचा प्रश्न लगेच येईल, कारण सभेत निम्मे लोक कन्नड बोलणारे असतील, आणि असलेच पाहिजेत, नाहीतर वर सांगितलेला ऱ्हस्व ए आम्हाला समजावणार कोण? ज्याला ज्या भाषेत नीट सांगता येते त्या भाषेत त्याने सांगावे आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याला समजावावे. इथल्या बाजारात हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि त्यासाठी कोणी दुभाषा नेमलेला नाही. इंग्रजी अडते म्हणून मागे राहणाऱ्या मुलाला इथे पहिले भाषण मराठीत किंवा कन्नडमध्ये करता येईल. दुसरे त्याने बेंगळुरूत मोडक्या इंग्रजीत केले, तरी विषय त्याचा स्वतःचा असल्याने तो अडखळणार नाही. मी स्वतः तसेच केले आहे. माझ्या इंग्रजीतल्या क्रियापदांकडे त्या मल्याळी अभियंत्याचे लक्ष गेले नव्हते.

त्याच पावतीपुस्तकातून दोन गोष्टींचे पैसे निघाले पाहिजेत: हुबळीहून किंवा कोल्हापूरहून आपल्याकडे बोलायला येणाऱ्याचे भाडे, आणि आपल्यातल्या ज्याचा प्रस्ताव बाहेरच्या परिषदेने घेतला पण खर्च दिला नाही, त्याचे भाडे. दुसऱ्यावर अट एवढीच, की परत आल्यावर त्याने तेच भाषण इथे करावे आणि सोबत कोणाकोणाशी काय बोलणे झाले तेही सांगावे. हिशेब फार मोठा नाही. या शहरात वेबच्या कामावर पोट असणारे चाळीस जण सहज सापडतील; प्रत्येकाने महिन्याला शंभर रुपये काढले, तर वर्षाला अठ्ठेचाळीस हजार जमतात. विमानाचा हट्ट कोणी धरला नाही आणि खोली साधी घेतली, तर त्यात बेंगळुरूच्या तीन-चार फेऱ्या बसतात, आणि येणाऱ्या पाहुण्याच्या पाकिटालाही थोडे उरते.